भंगारातल्या इंजिनावर उभी राहिलेली छोटी गिअरची गाडी



मागील अंकाच्या शेवटच्या पानावर आपण एक फोटो पाहिला असेल. कमरेपर्यंतही न पोहोचणारी एक मोटारसायकल आणि तिच्याभोवती उभी असलेली सहा मुले. त्या फोटोबद्दल बऱ्याच जणांनी विचारणा केली. काहींना कौतुक वाटले. काहींनी मोकळेपणाने विचारले की, आदिवासी बांधवांसाठी मंडळ्यांनी दिलेल्या दानातून असले खेळणे बनवण्याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याला हिशोब विचारण्याचा अधिकार आहे आणि उत्तर देणे हे माझे कर्तव्य आहे. म्हणून या अंकात ती गाडी कशी बनते, तिच्यातून मुले काय शिकतात आणि ती बनवण्यामागे आमचा हेतू काय, हे सविस्तर लिहीत आहे.

डोंगरात मोटारसायकलची किंमत

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुके सातपुड्याच्या रांगांत वसले आहेत. पावरा व भिल्ल बांधवांचे पाडे एका ठिकाणी दाटीने नसतात. एक घर या टेकडीवर, दुसरे समोरच्या उतारावर. एसटी जिथपर्यंत जाते तिथून पुढे पायवाट किंवा कच्चा रस्ता. अशा ठिकाणी मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. आशाताई तिच्यावरून फिरतात, शिक्षक तिच्यावरून शाळेत पोहोचतात, आठवडे बाजाराचे सामान तिच्यावरून येते. बाळंतपणासाठी निघालेल्या बहिणीला झोळीत घालून खांद्यावर वाहून नेण्याऐवजी निदान पक्क्या रस्त्यापर्यंत तिच्यावर बसवून आणता येते.

ही गाडी चढावर बंद पडली तर? क्लच प्लेट जळाली, चेन तुटली, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, तर गाडी ढकलत किंवा जीपवर टाकून धडगाव, नाहीतर थेट शहाद्यापर्यंत न्यावी लागते. त्यात दिवस जातो, मजुरी बुडते. पाड्यावर दुरुस्ती जाणणारा एक तरुण असला तर हे सगळे वाचते.

दुसरी बाजू आपणा सर्वांना ठाऊक आहे. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला निघतात. मुलांची शाळा तिथेच तुटते. गावात राहून पोट भरेल असा एखादा हुन्नर हातात असेल तर निदान काही जणांना थांबता येईल, या विचाराने आपण दुचाकी दुरुस्तीचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू केला.

दुरुस्ती शिकवायची तर गाडी बनवायची कशासाठी?

वर्गात शिकवायला आपल्याला एक अनुभवी उस्ताद लाभले आहेत. आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी गॅरेजमध्ये घालवली आहेत. ते आपल्या मंडळीचे नाहीत, पण मुलांवर त्यांचा जीव आहे. छोटी गाडी बनवण्याची कल्पना त्यांचीच.

त्यांचे म्हणणे असे की, गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून राहिलेला मुलगा पार्ट बदलायला शिकतो. जुना काढला, नवा बसवला, गाडी चालू झाली. पण तो पार्ट तिथे का आहे हे त्याला कोणी सांगत नाही आणि विचारायची त्याची छाती होत नाही. नवीन बिघाड आला की तो अडतो. उलट, ज्याने नुसत्या पाइपपासून गाडी उभी केली त्याला प्रत्येक वस्तूची जागा आधी ठरवावी लागते आणि मगच ती बसवता येते.

आपल्या मुलांच्या बाबतीत याला आणखी एक अर्थ आहे. यातील बहुतेक मुले आठवी-नववीत शाळा सोडून आलेली. घरी पावरी बोलायची, शाळेत मराठी, त्यामुळे गणित समजण्याआधीच सुटले. आपल्याला डोक्याचे काम जमत नाही, आपण अंगमेहनतीसाठीच आहोत, हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलेले असते. पुस्तक पुढे ठेवले की ती मान खाली घालतात. इंजिन पुढे ठेवले की मान वर येते.

इंजिन कोणते आणि कोठून?

आम्ही निवडले ते जुन्या हिरो होंडा सीडी 100 चे इंजिन. ही गाडी 1985 मध्ये बाजारात आली. पुढे 1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरचे इंजिनही त्याच घराण्यातले. त्यामुळे एक शिकले की डोंगरात फिरणाऱ्या कितीतरी गाड्या समजतात, आणि पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतात. त्याची क्षमता 97.2 सीसी. सिलिंडरचा आतला व्यास 50 मिलिमीटर आणि पिस्टन वर-खाली जातो ते अंतर 49.5 मिलिमीटर. या दोन आकड्यांवरून 97.2 कसे येतात, हा वर्गातला पहिला हिशोब. व्यासाचा निम्मा घ्या, त्याचा वर्ग करा, 22 भागिले 7 ने गुणा, मग उंचीने गुणा. शाळेत ज्या सूत्राने रडवले ते येथे भांड्यात किती पाणी मावते इतके सोपे होते.

छोट्या गाडीसाठी हे इंजिन सोयीचे पडते त्याचे आणखी एक कारण आहे. याचा सिलिंडर उभा नसून जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून असतो. त्यामुळे इंजिनाला उंची कमी लागते आणि ते बुटक्या चौकटीत सहज बसते. शिवाय या जुन्या गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिनाच्या मॅग्नेटोतूनच तयार होते. बॅटरी नसली तरी किक मारून इंजिन सुरू होते. म्हणजे वायरिंगही थोडक्यात आटोपते.

इंजिन भंगारवाल्याकडून घेतो, पण मिळेल तसे उचलत नाही. गाडी कोणाची होती, तिची नोंदणी रद्द झाली का, इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतो का, हे पाहून पावती घेतो. एकदा एका ठिकाणी निम्म्या किमतीत इंजिन मिळत होते, पण नंबर घासलेला होता. उस्तादांनी ते हातातही घेतले नाही. मुले हे पाहत होती. त्या दिवशी प्रामाणिकपणावर वेगळे प्रवचन द्यायची मला गरज पडली नाही.

क्लच आणि गिअर : वर्गाचा गाभा

बाजारात बिनगिअरचे छोटे इंजिन मिळते. त्यात वेग वाढला की क्लच आपोआप धरतो. ते बसवले असते तर गाडी महिनाभर आधी तयार झाली असती. पण आम्हाला पायाने गिअर टाकायचा आणि हाताने क्लच दाबायचा, असेच इंजिन हवे होते. कारण मुलांना उद्या ज्या गाड्या दुरुस्त करायच्या आहेत त्यांपैकी बहुतेक गिअरच्याच आहेत. जीप आणि ट्रॅक्टर यांतही मूळ तत्त्व हेच.

गिअर कशासाठी, हे डोंगरातल्या मुलाला समजावणे सोपे आहे. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढण चढताना आपण लांब टांगा टाकत नाही. पावले आखूड टाकतो, पण जास्त टाकतो. सपाटीवर आलो की टांग लांब होते. इंजिनाचेही तसेच. पहिल्या गिअरमध्ये ते पुष्कळ फेरे घेते आणि चाक थोडे फिरते, म्हणून जोर जास्त मिळतो. चौथ्या गिअरमध्ये तितक्याच फेऱ्यांत चाक जास्त फिरते, वेग मिळतो, जोर कमी होतो. जोर आणि वेग दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आता आतली रचना. गिअरपेटी उघडण्याआधी मुलांची समजूत असते की गिअर बदलताना एक दातेरी चक्र दुसऱ्यापासून दूर जाते आणि तिसऱ्याला येऊन भिडते. उघडल्यावर वेगळेच दिसते. दोन दांडे शेजारी शेजारी असतात. त्यांवर चक्रांच्या चार जोड्या असतात आणि चारही जोड्यांचे दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. फरक एवढाच की प्रत्येक जोडीतले एक चक्र आपल्या दांड्यावर मोकळे फिरते. पायाने गिअर टाकला की आतला गोल ड्रम थोडा फिरतो. त्याच्यावरच्या खाचेतून सरकणारा दुबेळका काटा एका चक्राला बाजूला ढकलतो. त्या चक्राच्या कडेवरचे जाड खुंट शेजारच्या मोकळ्या चक्राच्या भोकांत जाऊन बसतात. मग ते मोकळे चक्र दांड्याला बांधले जाते आणि त्या जोडीतून शक्ती वाहू लागते. बाकीच्या तीन जोड्या नुसत्या फिरत राहतात.

हे खुंट झिजून गोल झाले की चढावर जोर पडताच गिअर आपोआप निसटतो. गाडीवाला म्हणतो, "दुसरा गिअर सुटतो." ज्या मुलाने ते खुंट बोटाने चाचपून पाहिले आहेत त्याला बिघाड कोठे शोधायचा हे सांगावे लागत नाही.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी यांच्यातले दार. घर्षणाच्या आणि लोखंडाच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. लिव्हर दाबली की दाब सुटतो, प्लेटा एकमेकींवरून घसरतात, इंजिन फिरत राहते पण चाकाला काही पोहोचत नाही. हळूहळू सोडली की प्लेटा पुन्हा पकड घेतात. या गाडीत क्लच, गिअर आणि इंजिन यांना एकच ऑइल असते. म्हणून जळलेले ऑइल न बदलता गाडी पिदडली की तिन्हींचे आयुष्य कमी होते. आपल्या भागात चढावर क्लच अर्धवट दाबून गाडी रेटण्याची सवय आहे. त्याने प्लेटा लवकर जळतात. एका मुलाने घरी जाऊन आपल्या मामाला ही गोष्ट समजावली आणि मामाने ऐकले, याचा त्याला फार अभिमान आहे.

चौकट आणि वेल्डिंग

चौकटीसाठी 2 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप वापरतो. आधी जमिनीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढतो. दोन चाकांच्या आसांमधले अंतर 1 मीटरच्या आसपास. इंजिन मध्ये ठेवून त्याचे बोल्ट कोठे येतात त्या खुणा होतात. मग अँगलचा एक साचा करून त्यात पाइप बसवतो, म्हणजे वेल्डिंग करताना काही हलत नाही.

वेल्डिंगमध्ये मुलांच्या दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, करंट जास्त ठेवतात. पातळ पाइपला अडीच मिलिमीटरची कांडी आणि 60 ते 80 अँपिअर पुरतात. त्यापेक्षा वाढवले की पाइपला भोक पडते. दुसरी, एका बाजूचा सांधा पूर्ण भरून मगच दुसरीकडे जातात. लोखंड तापले की फुगते, निवले की आकसते आणि चौकट त्या बाजूला ओढली जाते. म्हणून आधी सगळीकडे नुसते टिपके मारायचे, सुतळी लावून पाहायचे, मग आलटून पालटून थोडे थोडे भरायचे. आमच्या पहिल्या चौकटीचे मागचे टोक बोटभर डावीकडे गेले होते. उस्तादांनी मुलांकडूनच ती कापवून घेतली.

पेट्रोलची टाकी एका जुन्या मोपेडची आहे. तिला आम्ही वेल्डिंग लावत नाही आणि मुलांना ते कडक शब्दांत बजावतो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि एका ठिणगीने तिचा स्फोट होतो.

हँडल ज्या नळीत फिरते ती नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. हे का, असे मुले विचारतात. त्यांना दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे चाक आठवायला सांगतो. त्या चाकाचा आस वरच्या खिळीच्या थोडा मागे असतो, म्हणून ढकलले की चाक आपोआप सरळ होते. मोटारसायकलच्या कललेल्या नळीची रेषा खाली वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. हेच अंतर गाडीला सरळ ठेवते. चाक छोटे केले की हे अंतर कमी होते आणि हँडल चळवळे बनते. म्हणून फोर्क मूळ गाडीचाच, न कापता घेतला आणि नळीचा कल बेताने ठेवून हे अंतर सहा-सात सेंटिमीटर राखले. ओळंबा सोडून मोजले. ओळंबा मुलांना घरबांधणीतून ठाऊक होताच. मोटारसायकलला तो लागतो हे नवीन होते.

चाके आणि दातांचा हिशोब

चाके बजाज चेतक स्कूटरच्या मापाची, 3.50-10 चा टायर. म्हणजे टायरची रुंदी साडेतीन इंच आणि रिम 10 इंची. स्कूटरचे चाक चेनवर चालत नाही, म्हणून मधला हब मोटारसायकलचाच ठेवला. त्याच्यावर ब्रेकचा ड्रम आणि चेनचे स्प्रॉकेट दोन्ही असतात. लेथवाल्याकडून एक जाड कडे करून घेऊन ते हबवर बसवले आणि त्या कड्याला स्कूटरची रिम बोल्टने जोडली. ऐकायला सोपे वाटते, पण खरी अडचण पुढे आली. मोटारसायकलचा टायर पावणेतीन इंची होता, हा साडेतीन इंची. रुंद टायर चेनला घासू लागला. तीन दिवस मुले त्याभोवती बसून होती. शेवटी इंजिन चौकटीत थोडे बाजूला सरकवून चेन आणि टायर यांच्यात बोटभर जागा काढली. हा उपाय उस्तादांना आधीपासून माहीत होता. त्यांनी तो सांगितला नाही. वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाला तो सुचला.

मग हिशोब. मूळ 18 इंची चाक टायरसकट सुमारे साडेतेवीस इंच व्यासाचे. त्याचा परीघ सुमारे 188 सेंटिमीटर. आमचे चाक 17 इंच व्यासाचे, परीघ सुमारे 136 सेंटिमीटर. टायरवर खडूची खूण करून, चाक एक फेरा लोटून, फरशीवर टेपने मोजूनही पाहिले. हवेच्या दाबाने थोडा फरक पडतो, पण आकडा जवळपास तोच येतो. म्हणजे इंजिनाचे तितकेच फेरे आणि तोच गिअर असताना आमची गाडी मूळ गाडीच्या शंभरातले बहात्तर हिस्से अंतर कापते. वेग तेवढ्याने कमी, ओढण्याचा जोर सुमारे 1.4 पट.

आमच्याकडच्या सेटमध्ये पुढे 14 आणि मागे 42 दात होते, म्हणजे पुढचे स्प्रॉकेट तीन फेरे घेते तेव्हा मागचे एक. मूळचा वेग परत हवा असेल तर मागे 30 दातांचे स्प्रॉकेट लागेल, हे मुलांनी स्वतः काढले. त्रैराशिक मांडून. जो मुलगा सातवीत गणितात नापास झाला होता त्याने फळ्यावर ते मांडले. अर्थात आम्ही 42 दातच ठेवले. आवारात फिरणाऱ्या गाडीला वेग कशाला?

सुरू करण्याआधी

गाडी उभी राहिली की मुलांना किक मारायची घाई असते. उस्ताद आधी ब्रेक तपासायला लावतात. दोन्ही चाके उचलून फिरवायची, ब्रेक दाबला की लगेच थांबतात का पाहायचे. चेनचा ताण, प्रत्येक नट, हँडलचे वळण, क्लचच्या वायरमधली ढील. मागे शॉकअप नाही, म्हणून सीटखाली जाड फोम आणि वेग बेताचा.

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल आणि सिलिंडरमध्ये दाब. सुरू झाले नाही तर या तिघांपैकी काय कमी आहे ते क्रमाने शोधायचे. पहिल्या गाडीने किकेला दाद दिली नाही तेव्हा मुलांनी याच क्रमाने पाहिले. प्लगला ठिणगी होती, दाबही होता. कार्ब्युरेटर उघडला तर आतल्या बारीक जेटमध्ये गंजाचा कण अडकलेला, जुन्या टाकीतून आलेला. तो फुंकून काढला, टाकी धुतली, तिच्याखाली गाळणी बसवली आणि दुसऱ्या किकेला इंजिन बोलू लागले. आनंद झाला हे सांगायला नको. पण मला अधिक मोलाचे वाटले ते हे की कोणीही नुसता अंदाज बांधून पाना चालवला नाही.

रस्त्यावर मात्र नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण फोटो पाहून काही युवक-संघांनी अशीच गाडी बनवण्याची इच्छा व्यक्त केली आहे. घरी बनवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 प्रमाणे रस्त्यावरच्या प्रत्येक मोटार वाहनाची नोंदणी हवी आणि अशा गाडीची नोंदणी होत नाही. नोंदणी असलेल्या गाडीतही कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करणे बेकायदेशीर आहे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. त्याला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

म्हणून आपली गाडी कुंपणाच्या आतच फिरते. वर्गातले सर्व जण 18 वर्षांवरील आहेत. हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय कोणी बसत नाही. वर्ग संपताना प्रत्येकाला शिकाऊ परवान्याचा अर्ज भरायला आम्ही मदत करतो. डोंगरात परवाना नसताना गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. निदान आपल्या वर्गातून जाणाऱ्याने कायद्याने चालावे.

खर्चाचा हिशोब

पहिल्या गाडीला आलेला खर्च असा : इंजिन 5,500 रुपये, चाके, हब, टायर-ट्यूब 2,800, पाइप व वेल्डिंगच्या कांड्या 1,900, लेथचे काम 900, चेन-स्प्रॉकेट, केबल, वायर, ऑइल व इतर किरकोळ 2,400. एकूण 13,500 रुपये. फोर्क व टाकी एका हितचिंतकाने दिलेल्या जुन्या गाड्यांतून मिळाली.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही गाडी विकली जात नाही आणि शोभेला ठेवली जात नाही. पुढची तुकडी आली की ती शेवटच्या बोल्टपर्यंत खोलली जाते. इंजिन, हब, चाके तीच राहतात. चौकट नवी तुकडी नव्याने बांधते. त्यामुळे दुसऱ्या वेळी खर्च मुख्यतः पाइप, ऑइल आणि झिजलेल्या भागांचाच येतो.

हातांचे काम आणि पवित्र शास्त्र

सेमिनरीत शिकत असताना निर्गमाच्या 31 व्या अध्यायातील बसालेलाविषयी मी वाचले होते. सोने, पितळ, लाकूड यांवर काम करणाऱ्या त्या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने भरले, असे तेथे सांगितले आहे. निवासमंडपाच्या वर्णनावरून आपण भरभर पाने उलटतो. पण कारागिराच्या कौशल्याला देवाचे दान म्हटले आहे, ही गोष्ट उपदेशपीठावरून आपण फारशी बोलत नाही. आपल्या प्रभूला नासरेथकर सुतार म्हणून ओळखत होते. पौलाने करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू करण्याचा धंदा केला.

महाराष्ट्रातल्या सेवाकार्यालाही हे नवे नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या हाती छापखाना दिला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी सुधारित हातमाग तयार केला. सुवार्तेसोबत हुन्नर देणे ही आपल्याकडची जुनी वाट आहे. आम्ही त्या वाटेवर एक छोटे पाऊल टाकले आहे, एवढेच. वर्गात येण्यासाठी कोणाला धर्म विचारला जात नाही, हेही येथे नमूद करतो.

आज मुले कोठे आहेत?

पहिल्या तुकडीतील सहांपैकी दोघे शहाद्याला गॅरेजमध्ये कामाला लागले आहेत. एकाने आपल्या पाड्याजवळ, आठवडे बाजार भरतो तेथे, पत्र्याच्या टपरीत पाना-पकड घेऊन काम सुरू केले आहे. बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे गाड्यांची रांग लागते, इतर दिवशी तो शेती पाहतो. एक जण घरीच असून गावातल्या गाड्या पाहतो, पण त्याच्याकडे पुरेशी हत्यारे नाहीत. उरलेले दोघे यंदा पुन्हा ऊसतोडीला गेले. त्यांतील एकाच्या घरी मुकादमाची उचल फिटायची होती. चेन टायरला घासत असताना ज्याला उपाय सुचला तो अबोल मुलगा हाच. जाताना तो पान्यांचा संच परत करायला आला, तेव्हा उस्तादांनी त्याला विचारले, "बेटा, परत येशील ना?" तो म्हणाला, "येईन, उस्ताद. माझा पाना कुणाला देऊ नका." त्याच्या नावाचा पाना भिंतीवर त्याच खिळ्याला ठेवला आहे.

सहाच्या सहा जण सावरले, असा अहवाल मला आपल्याला देता आला असता तर आनंद झाला असता. जे आहे ते आपल्यासमोर ठेवले आहे.

प्रार्थनेचे विषय व गरजा

1. ऊसतोडीला गेलेले दोघे जण सुखरूप परत यावेत व उचलीच्या कर्जातून त्यांची सुटका व्हावी.
2. उस्तादांच्या आरोग्यासाठी. त्यांच्या गुडघ्यांचा त्रास वाढला आहे आणि जमिनीवर बसून शिकवणे त्यांना जड जाते.
3. नव्या तुकडीसाठी. यंदा आठ जणांची नावे आली आहेत. प्रथमच एका मुलीनेही चौकशी केली आहे. तिच्या वडिलांचे मन वळावे म्हणून प्रार्थना करा.
4. वापरात नसलेले पाने, पकड, हातोड्या, वेल्डिंगच्या काचा किंवा जुन्या मोटारसायकलचे भाग आपल्याकडे असतील तर ते आपल्या पाळकांकडे जमा करावेत. गाडी देत असाल तर तिचे कागद सोबत असावेत, ही नम्र विनंती.
5. वर्ग पूर्ण करून गावी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला हत्यारांची एक पेटी देण्याचा विचार आहे. एका मंडळीने एका मुलाची पेटी उचलली तरी पुष्कळ होईल.

 सातपुड्याकडे येणे झाले तर वर्गाला अवश्य भेट द्या. गाडी त्या वेळी उभी असेल किंवा फरशीवर सुट्या भागांत मांडलेली असेल. कोणता भाग कशासाठी, हे मुलेच आपल्याला सांगतील.

ख्रिस्तात आपला,
वर्गाचा कार्यकर्ता